जित्या माणसाचा रंग

चांगल्या, काचेसारख्या स्वच्छ चित्रावर ओरखडे मारायचे, धूळ टाकायची, ते थरथरतं करायचं आणि वर या कामाची बिदागी घ्यायची, असा माझा धंदा आहे. 'तुमच्या कामाविषयी आमच्या दिवाळी अंकात लिहा' असं संपादकांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी त्यांना हेच म्हणालो. वाटलं, आता हा माणूस फोन ठेवील आणि एखाद्या डॉक्टरला नाहीतर फौजदाराला गाठील. त्या लोकांकडं सांगण्यासारखं काही असतं. पण त्यांनी फोन ठेवला नाही. हल्ली माझ्याशी फोनवर कुणी इतका वेळ बोलत नाही, त्यामुळं मीही भरीस पडलो.

पूर्णेच्या बाजारात माझं दुकान आहे. लोक मला अजून 'शूटिंगवाले' म्हणतात, पण शूटिंग सोडून जमाना झाला. खांद्यावर कॅमेरा घेऊन वरातीपुढं उलटं चालायचं म्हणजे गुडघे शाबूत पाहिजेत. आता मी फक्त मिक्सिंग करतो. पोरं लग्नं शूट करून आणतात, ते सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, नको ते कापायचं, हवं ते जोडायचं, गाणी टाकायची. त्यात मध्येच हे एक खूळ निघालं. 'काका, जुन्या पिक्चरसारखं करा.' ज्यांनी जन्मात कधी फिल्मची पट्टी हातात धरली नाही, त्या पोरांना ओरखडे पाहिजेत. बरं, द्या म्हटलं.

कसं करतात ते सांगतो, त्यात काही जादू नाही. पूर्वी खरोखरची पट्टी असायची. ती प्रोजेक्टरमधून फिरून फिरून घासली जायची, म्हणून उभे ओरखडे. पट्टीच्या कडेची भोकं ढिली झाली की चित्र उड्या मारायचं. दिवा कमीजास्त व्हायचा, म्हणून लुकलुक. पट्टीवर धूळ, केस, तंतू बसायचे ते पडद्यावर किड्यांसारखे वळवळायचे. कॉम्प्युटरमध्ये यातलं काहीच घडत नाही, म्हणून आम्ही ते एकेक करून वरून घालतो. खाली तुमचं चित्र, त्यावर ओरखड्यांचा थर, त्यावर धुळीचा, त्यावर बारीक दाण्याचा. गोधडीला थर देतात तसं. मग रंग उतरवायचा, कडा जराशा काळवंडायच्या आणि मागं प्रोजेक्टरची खर्रर्र सोडायची. झाला जुना पिक्चर.

ओरखडे आणि धूळ हल्ली इंटरनेटवर तयार मिळतात. पण ती धूळ कुठल्या मुलखातली असते काय की! मला ती कधी पटली नाही. माझ्या शेजारी गादीवाल्याचं दुकान आहे. तो कापूस पिंजायला बसला की सगळी गल्ली शिंकत सुटते. एका दुपारी मी त्याच्या दुकानात काळं कापड टांगलं, बाजूनं दिवा सोडला आणि हवेत उडणाऱ्या तंतूंचं मनसोक्त शूटिंग केलं. गादीवाला म्हणाला, "भाऊ, तुमचं डोकं तर ठिकाणावर हाय ना?" तेव्हापासून माझ्या प्रत्येक जुन्या पिक्चरवर जे दोरे वळवळतात ते आमच्याकडच्या कापसाचे असतात. कुणाला ते कळत नाही. मला कळतं, तेवढं बास आहे.

या कामात खरी अवघड गोष्ट एकच, थांबणं. ओरखडे थोडे घातले तर वाटतं कमी झाले, जरा जास्त घातले की त्याचं सोंग होतं. करणाऱ्याला स्वतःला हे कळत नाही, कारण त्याची नजर मेलेली असते. मी कामाला बसलो की आमची मंडळी शेजारी खुर्ची टाकून बसायची. शेंगा फोडता फोडता, नाहीतर मेथी निवडता निवडता पडद्याकडं एक नजर टाकायची आणि म्हणायची, "लय झालं. कमी करा." मी चिडायचो. तुला काय कळतं म्हणायचो. आणि कमी करायचो. दर खेपेला तिचंच बरोबर निघायचं, ही त्यातली वाईट गोष्ट.

ती गेली. खुर्ची तिथंच आहे. आता माझे ओरखडे जास्त होतात, मला ते नंतर दिसतं, गिऱ्हाईक घेऊन गेल्यावर.

तिचा फोटो दुकानात समोरच्या भिंतीला आहे. हिरवं लुगडं नेसलेली, तोंड अर्धं उघडं, मला काहीतरी सांगता सांगता काढलेला. फोटो रंगीत आहे आणि त्याला हार नाही. त्यामुळं नवीन गिऱ्हाईक विचारतं, "काकू दिसत न्हाईत, गावाला गेल्या का?" मी म्हणतो, "व्हय, लेकीकडं. पुण्याला." असं मी किती जणांना सांगितलं असेल, त्याचा हिशेब नाही. एकदा लेकीचाच फोन आला, "बाबा, आई माझ्याकडं आलीय म्हणून सांगता का तुम्ही लोकांना?" मी म्हणालो, लाईन कटायलीय, आणि ठेवून दिला.

फोटो रंगीत का, याला आमच्या धंद्यात किती वजन आहे, ते बाहेरच्याला कळायचं नाही. त्यासाठी ताडकळसची फजिती सांगावी लागेल.

ताडकळसच्या एका आडत दुकानदारानं आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाची फिल्म करायला दिली. म्हातारा-म्हातारी ठणठणीत. मी हौसेनं सगळं काळं-पांढरं केलं. ओरखडे, लुकलुक, खर्रर्र, सगळं. कार्यक्रमात मोठ्या पडद्यावर ते सुरू झालं आणि पहिल्याच चित्राला म्हातारी उठून उभी राहिली. "अगं माय! मी मेले का काय गं?" म्हातारा तिला हात धरून खाली बसवत होता आणि स्वतःच घाबरून छातीला हात लावून बघत होता. सुना रडायला लागल्या. दुकानदार माझ्यापर्यंत पळत आला, "भाऊ, बंद करा आधी! जित्या माणसाला काळं-पांढरं करतेत का कुठं?"

त्याचं बरोबर होतं. आमच्या जिल्ह्यात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. वाढदिवसाचा माणूस रंगीत, गेलेला काळा-पांढरा, खाली समई. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्यालाही लांबून रंग बघून कळतं की हा पुढारी वाढला की गेला. पत्रिकेत नावामागं 'कै.' लावतात ना, तसा आमच्याकडं रंग आहे. मी पुण्या-मुंबईच्या फिल्मा बघून शहाणा झालो होतो आणि माझ्याच माणसांची लिपी विसरलो होतो. तेव्हापासून दुकानाचा कायदा केला. गेलेला असेल तर काळा-पांढरा. जिता असेल तर रंग उतरवायचा, विटकरी करायचा, पिवळट करायचा, पण पुरता घालवायचा नाही.

कायदा चांगला चालला. राणीसावरगावचा एक नवरदेव आला, "काका, आज्ज्याच्या टायमाचं वाटाया पाहिजे." शूटिंगमध्ये बघतो तर नवी कोरी मोटारसायकल, कानात पांढरी बटणं आणि मागं मोबाईलचा टॉवर. म्हटलं, "अरे बाबा, तुझ्या आज्ज्याच्या टायमाला टॉवर कुठं होता?" तो म्हणाला, "मंग तेच्यावर जरा जास्ती धूळ टाका की!" टाकली. गादीवाल्याचा सगळा कापूस त्या टॉवरवर खर्ची पडला. अशा कामात मला मजा येते. हसायला शेजारी कुणी असतं तर जास्त आली असती.

मग माणिकराव आले.

ताडकळसच्या पलीकडच्या एका गावचे हे गृहस्थ, थोडी शेती आणि खताचं दुकान. पुतणीचं लग्न ठरलं होतं, शीतल तिचं नाव. सोबत शीतलची आई होती, सुनंदाबाई, माणिकरावांची थोरली वहिनी. त्या दाराजवळच्या स्टुलावर बसल्या, पिशवी मांडीवर धरून. माणिकरावांनी सांगितलं, लग्नात मोठ्या पडद्यावर लावायला घराण्याची फिल्म पाहिजे, जुन्या पिक्चरसारखी, नवरदेवाकडच्यांनी पण त्यांची केलीय. फोटो दिले, आणि एक व्हिडिओ कॅसेट. ती त्यांच्या स्वतःच्या लग्नाची. वेष्टनावर माझ्याच दुकानाचा शिक्का. म्हणजे शूटिंग मीच केलेलं.

"आबा आन् माय गेल्यात," माणिकराव म्हणाले, "त्यान्ला काळं-पांढरं, समई लावून. आन् ह्या कॅसेटमधी आमचा दादा हाय, शीतलचा बाप. गंगाधर. बुंदी वाढायलाय बघा. त्याला बी तसंच करा."

"त्यान्ला रंगीत ठिवा," दारातून आवाज आला.

मी एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. माणिकरावांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी जे सांगितलं ते असं. शीतल लहान होती, शाळेत जायला लागली होती, तेव्हा एका सकाळी गंगाधर पूर्णेला जाऊन येतो म्हणून घरातून निघाला आणि परत आलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही, काही नाही. स्टेशनवर एकानं बघितलं म्हणतात. आता पूर्णेतून गाड्या तीन दिशांना जातात. माणिकराव तिन्ही दिशांना जाऊन आले. परभणीकडं, नांदेडकडं, अकोल्याकडं. धर्मशाळा बघितल्या, दवाखाने बघितले, देवळांच्या पायऱ्या बघितल्या. मेल्याचं कळलं नाही आणि जित्याचंही कळलं नाही.

"भाऊ, तुमीच सांगा," ते म्हणाले. "मेला म्हणलं तर माणसं हात जोडतेत आन् गप ऱ्हातेत. रंगीत दिसला की इचारतेत, कुठंय? पोरीच्या लग्नात बाप काहून न्हाई? सोडून गेला का? कुणापायी गेला? मंग शीतलला सासरी जलमभर ऐकावं लागंल. मी कन्यादानाला बसायलोय, मी काय सांगू लोकांला? तिन्ही लाईनी धुंडून आलो म्हणू?"

माणूस वाईट नव्हता हो. भावाची लेक त्यानंच शिकवली, त्यानंच स्थळ बघितलं.

सुनंदाबाई स्टुलावरून उठल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. "पत्रिकेत मी 'श्री.' छापायला लावलं. आता तुमी त्यान्ला दिव्यामागं बसवणार आसाल तर मला बी बसवा. माझं कुंकू हाय कपाळावर, ते पुसून फिल्म काढा माझी."

शेवटी माणिकराव उठले आणि दोन्ही हात माझ्यापुढं जोडून म्हणाले, "काय करायचं ते तुमीच करा भाऊ. तुमाला लोकांचं कळतं." दोघं गेले. मला काय कळतं, कपाळ! माणूस मेला की जिता, हे ठरवायचं काम माझ्यावर टाकून गेले, आणि ते माझ्या यंत्रात रंग कमीजास्त करायच्या एका रेघेवर बोट सरकवण्याएवढं सोपं होतं.

कॅसेटला बुरशी आली होती. ती पुसून, जुना प्लेयर शोधून, चालता करून मी ते लग्न कॉम्प्युटरवर घेतलं. मला त्या लग्नातलं काही म्हणता काही आठवत नव्हतं. पंगतीचं शूटिंग मी नेहमी कंटाळून करायचो. त्यात तो आला. हातात बुंदीची बादली, खांद्यावर गुलाबी दस्ती, म्हणजे मोठा रुमाल. कुणीतरी त्याला म्हणतं, शूटिंग चालू हाय, इकडं बघ. तो बघतो, लाजतो, दस्तीनं तोंड झाकतो, आणि दस्तीच्या वरून हसणारे डोळे तेवढे दिसतात. मग मागून माझाच आवाज येतो, तरुण आणि उर्मट, "ओ, सरका ना मधून!" तो सरकतो. संपलं. त्याच्या चालत्याबोलत्या जिंदगीचं जगात एवढंच शिल्लक होतं, आणि त्यातून मीच त्याला बाजूला व्हायला लावलं होतं.

रंगाची रेघ खाली ओढली. दस्ती करडी झाली, बुंदी वाळूसारखी झाली आणि माणूस मेला. खरं सांगतो, डोळ्यांदेखत मेला. तेच हसणं, पण आता गेलेल्या माणसाचं. रेघ वर नेली, बुंदी पिवळी झाली, तो परत आला. मी हे किती वेळा केलं असेल! मारला, उठवला, मारला, उठवला. मग शेजारच्या खुर्चीकडं बघितलं. कुणीतरी तिथून सांगावं असं मला त्या दिवशी जितकं वाटलं तितकं कधी वाटलं नाही. सांगणारं माणूस भिंतीवर, तोंड अर्धं उघडं ठेवून, बोलता बोलता थांबलेलं. मी चक्क रडलो. आतून कडी लावायची पण आठवण राहिली नाही.

रडून झाल्यावर डोकं जरा चाललं. मी एकट्या गंगाधरचं काही करायचं सोडून दिलं. सगळ्यांचं एकदमच केलं. जुनी रंगीत फिल्म उन्हात पडली की तिचा निळा-हिरवा उडतो आणि सगळं विटकरी, मातकट उरतं. तो विटका रंग मी सगळ्या घराण्याला दिला. आबांचा आणि मायचा जुना काळा-पांढरा फोटो होता, त्याला रंग भरला आणि मग तो विटवला. माणिकरावांना विटवलं, सुनंदाबाईंना विटवलं, नवरा-नवरीलासुद्धा. कॅसेटच्या आडव्या रेघा काढून टाकल्या, सगळ्यांवर एकच ओरखडे, एकच कापसाचे तंतू. समई कुणालाच नाही. त्या फिल्ममध्ये कोण हयात आणि कोण नाही, हे खुद्द यमालाही ओळखता आलं नसतं.

माणिकराव बघायला आले तेव्हा म्हणाले, "आबाला काहून रंग दिला? जित्ते वाटायलेत की."

"सगळ्यांला एकच दिलाय."

पडद्यावर बुंदी वाढणारा भाऊ आला तसे ते पुढं झुकले. "परत लावा." परत लावलं. "मीच म्हणलं होतं त्याला, सोयऱ्यांला तू वाढ म्हणून. त्याला लोकांत यायची लाज वाटायची. परत लावा बरं." असं बराच वेळ चाललं. जाताना नुसतं, "चालतंय," म्हणाले.

लग्नाला मी गेलो. एरवी जात नाही, एकट्यानं पंगतीला बसायचा कंटाळा येतो. मुहूर्त नेहमीसारखा लांबला होता, म्हणून फिल्म लावली. मी कडेला उभा राहून पडद्याकडं न बघता लोकांकडं बघत होतो. नवरदेवाच्या एका मावशीनं शेजारणीला विचारलं, "पोरीचा बाप कोणता गं?" तिनं सांगितलं, "ती बुंदीची बादली न्हाई का, तोच." "आसं व्हय. हसरा हाय," मावशी म्हणाली, आणि पुढचं बघायला लागली. बास. कुठंय म्हणून कुणी विचारलं नाही. सगळेच जुन्या काळातले होते, त्यात एकालाच कोण विचारणार?

सुनंदाबाई मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. पडद्यावर तो आला, त्यानं दस्तीनं तोंड झाकलं, आणि या बाईनं डोक्यावरचा पदर पटकन पुढं ओढून घेतला. नवरा दारात आल्यावर सासू-सासऱ्यांसमोर घेतात तसा. तो सरकून गेला तरी पदर तिनं तसाच धरून ठेवला होता. मला तिथं थांबवेना. न जेवताच निघालो आणि बस पकडली.

आता या कामाला मी माझं सगळ्यात चांगलं काम समजत होतो. नंतर मोबाईलमध्येच एका बोटावर जुना पिक्चर व्हायला लागला, गिऱ्हाईक कमी झालं. कुणी आलं की मी ही हकीकत सांगायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. गंगाधरला मी वाचवला, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं.

शीतलच्या लग्नाला बरेच दिवस झाल्यावर एका दुपारी सुनंदाबाई एकट्याच आल्या. बसनं आल्या होत्या, घामाघूम. मी पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून पेन ड्राइव्ह काढून टेबलावर ठेवला.

"भाऊ, त्यान्ला आता काळं-पांढरं करा."

मला वाटलं, बातमी आली. "काही कळलं का ताई?"

"कायबी कळालं न्हाई. कळणार बी न्हाई." त्या माझ्याकडं न बघता बोलत होत्या. "पोरगी होती तवर ठीक होतं. तिच्या लग्नात मान ऱ्हायला. आता घरात मी एकली. टीव्हीला ते लावते, आन् ते हसतेत. सांच्याला भाकरी करायला बसले की वाटतं, आत्ता हात धुऊन ताटावर येतील. मंग एक भाकर जास्ती थापते. रोज सकाळी शिळी कुत्र्याला. किती दिस थापू भाऊ? माणूस रंगीत हाय तवर मला बंद करता येईना."

इतके दिवस मी मिरवत होतो, आणि माझा वाचवलेला माणूस या बाईला रोज एक भाकरी जास्त करायला लावत होता. मी फाइल उघडली. विटका रंग काढला, ओरखडे काढले, तंतू काढले. मूळचा गंगाधर समोर आला, पिवळी बुंदी आणि गुलाबी दस्ती. मी रेघेवर बोट ठेवलं आणि सुनंदाबाईंनी एकदम टेबलावर हात आपटला.

"आसं एकदम नगा! हळूहळू जाऊ द्या."

मग तसं केलं. ते असं करतात. सुरुवातीला एक खूण ठेवायची, इथं पुरा रंग. शेवटी दुसरी खूण, इथं काहीच नाही. मधला प्रवास यंत्र करतं. पण तुकडा फार लहान होता, रंग भर्रकन उडाला. त्या म्हणाल्या, "अजून हळू." मी चित्राची चाल मंद केली. "अजून." अजून मंद केली. बादली सावकाश पुढं येते, तो सावकाश बघतो, दस्ती वर जाते आणि त्याच्या नकळत तिच्यातला गुलाबी रंग निघत जातो. कुठल्या क्षणी तो गेला ते बोट ठेवून सांगता येत नव्हतं. माझं ते 'सरका ना मधून' मी कापून टाकलं. शेवटी हसरे डोळे तेवढे राहिले, काळे-पांढरे.

त्यांनी ते एकदाच बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "आता बरं झालं," म्हणाल्या. "कुंकवाचं माझं मी बघीन. तुमी माणिकरावला काय बोलू नगा."

पेन ड्राइव्ह पिशवीत टाकून त्या उठल्या. दाराजवळ गेल्यावर भिंतीवरच्या फोटोकडं त्यांचं लक्ष गेलं. "वैनी दिसल्या न्हाईत. मागच्या टायमाला बी न्हवत्या. गावाला गेल्यात का?"

'लेकीकडं, पुण्याला' हे दोन शब्द माझ्या ओठापर्यंत आले होते. त्या बाईसमोर ते बाहेर पडेनात.

"न्हाई ताई," मी म्हणालो. "वारली ती. लय दिवस झाले."

त्या फोटोकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं. "मंग रंगीत काहून?"

"राहून गेलं करायचं."

सुनंदाबाई दारातून परत आल्या, पिशवी खाली ठेवली आणि माझ्या शेजारची ती खुर्ची ओढून बसल्या. तिच्यावर किती दिवसांत कुणाचं वजन पडलं नव्हतं, ती करकरली.

"करा," त्या म्हणाल्या. "बसला अजून वेळ हाय. मी बसते तवर."

मी फोटो कॉम्प्युटरवर घेतला आणि रेघेवर बोट ठेवलं. हिरवं लुगडं जरासं फिकं झालं. मी थांबून विचारलं, "लय झालं का?"

"न्हाई," त्या म्हणाल्या. "हळूच चाललंय. करा तुमी."